जुने सर्व्हर विकताना: प्रत्येक डिस्कचा हिशोब, थेट गेटपासपर्यंत

रजिस्टरमध्ये बारा डिस्क लिहिलेल्या होत्या. रॅकसमोर उभं राहून मोजल्या, बारा भरल्या. बाराही बाहेर काढून पुसून झाल्या, प्रत्येकीवर हिरवा स्टिकर लागला. घेणारा व्यापारी दुपारी तीनला टेम्पो घेऊन येणार होता. पॉवरच्या वायरी काढायला मी रॅकच्या मागे गेलो आणि तिथे अडीच इंची दोन डिस्क दिसल्या. डेलच्या आर७३०एक्सडी सर्व्हरला पुढच्या बारांशिवाय मागेही दोन डिस्क बसवता येतात आणि आमचं विंडोज नेमकं त्या मागच्या दोनवर होतं. त्यातल्या एका फोल्डरमध्ये कुणीतरी तीन वर्षांपूर्वी ‘तात्पुरती’ म्हणून ठेवलेली पगारपत्रकाची एक्सेल फाइल होती. दोनशेहून जास्त कामगारांची नावं, पॅन आणि बँक खाते क्रमांक त्यात होते. टेम्पोवाल्याला फोन करून दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

तेव्हापासून जुना सर्व्हर विकायचा ठरला की किंमत, व्यापारी आणि सॉफ्टवेअर यांचा विचार मी नंतर करतो. आधी डिस्क मोजतो. जुन्या यंत्रांतून डेटा बाहेर जातो तो बहुतेक वेळा कुणी हुशार हॅकरने काढला म्हणून नाही. कुणाच्याच यादीत नसलेली डिस्क भंगाराबरोबर निघून जाते म्हणून जातो. पुसण्याची साधनं आज फुकट मिळतात आणि ती चांगली आहेत. हिशोब मात्र आपल्यालाच ठेवावा लागतो.

मोठ्या कंपन्यांचंही असंच होतं. मॉर्गन स्टॅन्लीने २०१६ मध्ये अमेरिकेतली आपली दोन डेटा सेंटर बंद केली आणि हजारो डिस्क व सर्व्हर हलवायचं काम एका सामान वाहतूक करणाऱ्या कंपनीला दिलं. डेटा नष्ट करण्याचा त्या कंपनीला काहीच अनुभव नव्हता. तिने ती यंत्रं पुढे विकली, घेणाऱ्याने ती इंटरनेटवर लिलावात काढली आणि त्यातल्या काहींवर ग्राहकांची माहिती जशीच्या तशी होती. पुढे जुने सर्व्हर बदलण्याच्या एका वेगळ्या कामात ४२ सर्व्हरचा पत्ताच लागला नाही. त्या यंत्रांमध्ये एन्क्रिप्शनची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात डेटा ठेवण्याची सोय होती, पण ती कित्येक वर्षं चालूच केलेली नव्हती. २०२० मध्ये तिथल्या बँक नियामकाने ६ कोटी डॉलर दंड केला आणि २०२२ मध्ये शेअर बाजार नियामकाने आणखी साडेतीन कोटी. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा प्रश्न होता. या सगळ्यात कुणी घुसखोरी केलेली नव्हती.

पुढे लिहिलेली पद्धत पाच ते पन्नास सर्व्हर असलेल्या कंपनीसाठी आहे, म्हणजे चाकण, भोसरी, अंबड, वाळूज अशा ठिकाणच्या कारखान्यांसाठी, सीएच्या किंवा वकिलांच्या मोठ्या ऑफिससाठी, रुग्णालयासाठी. बँक किंवा वित्तसंस्था असाल तर तुमच्या नियामकाचे वेगळे नियमही पाळावे लागतील.

पहिलं काम: यंत्र आपलं आहे का, विकता येतं का

हे आयटीवाल्यांच्या डोक्यात येत नाही आणि अकाउंट्सवाल्यांना कुणी विचारत नाही. सर्व्हर भाडेपट्ट्यावर घेतलेला असेल तर तो विकायचा अधिकार आपल्याला नाही. बँकेच्या कर्जाला यंत्रसामग्री तारण असेल तर बँकेची ना-हरकत लागते. हिंजवडीसारख्या ठिकाणी सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) किंवा एसटीपीआय या सॉफ्टवेअर निर्यातीच्या सरकारी योजनेत शुल्कमाफीवर आणलेलं यंत्र असेल तर आधी डीबाँडिंग, म्हणजे त्या योजनेतून यंत्र रीतसर मोकळं करून घेणं, करावं लागतं. त्याशिवाय ते गेटबाहेर नेता येत नाही. म्हणून मालमत्ता रजिस्टरमधली नोंद, खरेदीचं बिल आणि सर्व्हरवरचा सर्व्हिस टॅग (कंपनीने दिलेला ओळख क्रमांक) या तिन्ही गोष्टी एकदा जुळवून घ्या. जुळत नसतील तर तिथेच थांबा.

मोजणी

एक साधी एक्सेल शीट करा. प्रत्येक डिस्कला एक ओळ, सर्व्हरला नाही. रकाने असे: सर्व्हरचा सर्व्हिस टॅग, डिस्क कुठल्या खाचेत होती, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, क्षमता, प्रकार, पुसण्याची पद्धत, पुसल्याची तारीख, कुणी पुसली, कुणी तपासली, शेवटी कुठे गेली. सिरियल नंबर हाताने उतरवू नका. ‘बी’ आणि ‘८’ यांची गल्लत होतेच. हजार-दीड हजाराचा बारकोड स्कॅनर घ्या. तो नसेल तर लेबलचा फोटो काढा.

मोजताना झाकण उघडाच. डेटा धरून ठेवणाऱ्या जागा अशा:

- पुढच्या, मागच्या आणि काही मॉडेलमध्ये मधल्या भागातल्या डिस्क. मधल्या ट्रेमधल्या डिस्क झाकण काढल्याशिवाय दिसत नाहीत.
- मदरबोर्डवर किंवा वेगळ्या कार्डावर बसवलेल्या छोट्या एम.२ डिस्क. ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा इथे असते.
- आतल्या एसडी कार्डच्या जोड्या. व्हीएमवेअर (एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या जुन्या सर्व्हरमध्ये हमखास सापडतात.
- मदरबोर्डवरच्या आतल्या यूएसबी खाचेत लावलेला पेनड्राइव्ह.
- डीव्हीडी ड्राइव्हमध्ये राहिलेली सीडी, टेप ड्राइव्हमध्ये राहिलेली टेप.
- रेड कार्डावरची (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणाऱ्या कार्डावरची) बॅटरीवाली किंवा फ्लॅशवाली कॅश, म्हणजे तात्पुरती मेमरी. वीज गेली तेव्हा लिहायचा राहिलेला डेटा तिथे अडकलेला असू शकतो.
- वीज गेल्यावरही डेटा टिकवणारी मेमरी, उदाहरणार्थ इंटेल ऑप्टेनच्या पट्ट्या. दिसायला त्या साध्या रॅमसारख्याच असतात.

ही मोजणी दोघांनी करायची. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि शेवटी दोघांनी सही करायची. आमच्याकडे दुसरा माणूस मी मुद्दाम आयटीबाहेरचा घेतो, स्टोअर्समधला. त्याला सर्व्हर कळत नाही, पण नगाला नग जुळवायची सवय असते.

पुसायच्या आधी काय वाचवायचं

घाईघाईत पुसलेला डेटा परत येत नाही, आणि काही डेटा कायद्याने ठेवावाच लागतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे कुठल्या नोंदीत कधी काय बदललं याची नोंद, बंधनकारक आहे आणि तोही तितकाच काळ ठेवायचा आहे. म्हणजे टॅलीचे अहवाल पीडीएफमध्ये काढून ठेवले की झालं, असं नाही. मूळ डेटा फोल्डर लागतो, आणि तो उघडू शकणारी टॅलीची आवृत्तीही लागते. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायच्या असतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवसांचे हवेत. त्यामुळे काल बंद केलेल्या सर्व्हरचे लॉग आज पुसता येत नाहीत, आधी दुसरीकडे हलवावे लागतात. कोर्टात प्रकरण चालू असेल किंवा कर खात्याची नोटीस आलेली असेल तर त्या संबंधातलं काहीही वकिलाला विचारल्याशिवाय पुसू नका.

बॅकअप घेतला एवढ्यावर विसंबू नका. तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. टॅलीमध्ये एखादा जुना व्हाउचर उघडा, ईआरपीतून मागच्या वर्षीचं एक बिल काढा, हजेरी मशिनच्या डेटाबेसमधून एका कामगाराचा महिना काढून बघा. हजेरीचा डेटाबेस सगळ्यांच्या हातून सुटतो, कारण तो कुणाच्याच विभागाचा नसतो.

मग सर्व्हर चालूच ठेवून त्याची नेटवर्क केबल काढा आणि महिनाभर तसाच राहू द्या. कुणाला काही अडलं तर फोन येईल. या महिन्यात पगाराचा एक आणि जीएसटी रिटर्नचा एक फेरा आलाच पाहिजे. वर्षात एकदाच वापरली जाणारी गोष्ट त्या सर्व्हरवर असेल, उदाहरणार्थ वार्षिक साठामोजणीचा कार्यक्रम, तर तिची वेगळी चौकशी करा. हा महिना गेला की आयटी, अकाउंट्स आणि एचआर अशा तीन सह्या घ्या: ‘या यंत्रावरचा डेटा पुसायला हरकत नाही.’ माझ्या मते अख्ख्या कामातला हा सर्वात महत्त्वाचा कागद आहे. नंतर कुणी ‘आमची फाइल होती त्यावर’ म्हणत आलं तर आयटीतल्या एकट्या पोराने सगळं अंगावर घ्यायची वेळ येऊ नये.

सर्व्हर नेटवर्कवरून काढला तरी त्याची मागची नावं उरतात. डोमेनमधलं त्याचं खातं, डीएनएसमधली नोंद, फायरवॉलमध्ये त्याच्या आयपीसाठी उघडलेले मार्ग, एसएसएल प्रमाणपत्रं, बॅकअप सॉफ्टवेअरमधला एजंट, या सगळ्या नोंदी याच काळात बंद करा. त्या सर्व्हरवर वापरलेल्या सर्व्हिस अकाउंटचे (माणसांऐवजी प्रोग्राम वापरतात त्या खात्यांचे) पासवर्ड बदला. डिस्क उद्या कुणाच्या हाती लागलीच, तर जुन्या पासवर्डने कुठलंही दार उघडता कामा नये.

डिस्कसकट विकायचं की डिस्कशिवाय

यावर माझं मत पक्कं आहे. फिरणाऱ्या हार्डडिस्क विकू नका. पाच-सहा वर्षं चोवीस तास फिरलेल्या डिस्कला बाजारात फारसा भाव येत नाही, घेणाऱ्याचाही तिच्यावर भरवसा नसतो, आणि त्या चार पैशांसाठी आपण जोखीम घेतो ती सगळ्या डेटाची. सर्व्हरची खरी किंमत प्रोसेसर, रॅम, रेड कार्ड आणि पॉवर सप्लाय यांत असते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चांगलेच चढले, त्यामुळे जुन्या रॅमच्या पट्ट्यांनाही मागणी आली. सर्व्हर विकायचा आणि रॅम वेगळी मोजायची नाही, हे आता परवडत नाही.

एसएसडी आणि एनव्हीएमई, म्हणजे फिरणारा भाग नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कची गोष्ट वेगळी. त्यांना भाव येतो आणि कारखान्यातून आलेल्या पुसण्याच्या आज्ञेने त्या नीट पुसता येतात. पुसल्याची खात्री पटली तर विका, थोडीही शंका राहिली तर फोडा.

एक बारीक गोष्ट. डिस्क काढली तरी तिची कॅडी, म्हणजे डिस्क ज्या चौकटीत बसते ती, सर्व्हरबरोबरच द्या. चार स्क्रू काढले की डिस्क सुटते. कॅडी आणि रॅकच्या पट्ट्या नसलेल्या सर्व्हरचा भाव व्यापारी लगेच पाडतो, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण त्याला त्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात.

पुसणं

आधी काय केल्याने डेटा पुसला जात *नाही*, ते बघू. फाइल डिलीट करणं, रिसायकल बिन रिकामा करणं, पार्टिशन काढणं, क्विक फॉरमॅट, विंडोज नव्याने टाकणं, रेड अॅरे (एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच) मोडणं. रेड कार्डातलं फास्ट इनिशियलाइज फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग पुसतं, मधला सगळा डेटा तसाच असतो. ‘रेड ५ होतं, एकट्या डिस्कवरून काही कळणार नाही’ हेही मला पुष्कळदा ऐकवलं गेलंय. रेड ५ मध्ये डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवतात, पण त्याचे सलग तुकडे एका डिस्कवर असतात, बहुधा चौसष्ट किलोबाइट किंवा त्याहून मोठे. पगारपत्रकाची छोटी एक्सेल फाइल अशा एका तुकड्यात सहज बसते.

पुसण्याबाबत जगभर वापरला जाणारा संदर्भ म्हणजे अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं ८००-८८ क्रमांकाचं मार्गदर्शक. त्यात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. क्लिअर म्हणजे नेहमीच्या आज्ञांनी वरून लिहिणं. पर्ज म्हणजे प्रयोगशाळेतही काढता येणार नाही असं पुसणं. डिस्ट्रॉय म्हणजे माध्यमच नष्ट करणं. कंपनीबाहेर जाणाऱ्या डिस्कसाठी पर्ज किंवा डिस्ट्रॉय, यापेक्षा कमी काही नको. सात वेळा, पस्तीस वेळा लिहायच्या जुन्या पद्धतींची आजच्या डिस्कला गरज नाही. वरून लिहायचंच असेल तर फिरणाऱ्या डिस्कवर नीट एकदा लिहिलं आणि तपासलं तर पुरतं. सात फेऱ्यांत वेळ घालवून तपासणी सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत, त्यापेक्षा एक फेरी आणि तपासणी शतपट बरी.

प्रत्यक्षात असं करा.

सर्व्हरला यूपीएस आहे याची खात्री करा. पुसताना मध्येच वीज गेली तर काही डिस्क कुलूपबंद अवस्थेत अडकतात. मग रेड कार्ड एचबीए मोडमध्ये टाका, म्हणजे प्रत्येक डिस्क स्वतंत्र दिसेल. रेडच्या आडून पुसलं तर फक्त अॅरे पुसला जातो. हॉट स्पेअर (डिस्क बिघडली तर तिची जागा घेणारी राखीव डिस्क) आणि अॅरेबाहेर पडलेल्या जुन्या डिस्क राहून जातात, आणि हॉट स्पेअरवर पूर्वीच्या बिघाडातला डेटा असू शकतो. कार्डात तशी सोय नसेल तर डिस्क काढून साध्या एसएएस किंवा साटा (डिस्क जोडण्याचे दोन प्रकार) जोडणीच्या यंत्राला लावा. यूएसबी डॉकवर हे काम करू नका. मधली चिप पुसण्याची आज्ञा डिस्कपर्यंत नीट पोचवेलच असं नसतं.

मग श्रेडओएससारखी पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली लावा. त्यातलं एनवाइप सगळ्या डिस्कची यादी सिरियल नंबरसकट दाखवतं. इथे पहिल्यांदा पडद्यावरची यादी आणि तुमची शीट जुळवा. एक जरी डिस्क कमी किंवा जास्त दिसली तरी बटण दाबू नका.

साटा किंवा एसएएसच्या फिरणाऱ्या डिस्कसाठी डिस्कची स्वतःची सॅनिटाइज किंवा सिक्युअर इरेज आज्ञा वापरा. बाहेरून लिहिताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या सेक्टरपर्यंत (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांपर्यंत) पोचता येत नाही. डिस्कच्या आतली सॅनिटाइज आज्ञा तिथपर्यंतही जाते. ती आज्ञा नसेल तर एक संपूर्ण फेरी शून्यांची, पण ही फक्त क्लिअरची पायरी झाली, अशी डिस्क न फोडता बाहेर देऊ नका. ४ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइटने लिहिली तर साडेसात तास लागतात, म्हणून हे काम संध्याकाळी लावून सकाळी बघायचं. बाराही डिस्क एकाच वेळी चालतात. साटा डिस्क कधीकधी ‘फ्रोझन’ दाखवते, म्हणजे बायोसने (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने) तिची सुरक्षा आज्ञा गोठवलेली असते. तेव्हा डिस्क चालू यंत्रात काढून पुन्हा लावली की बहुतेक वेळा काम होतं. डिस्कचा काही भाग लपवून ठेवलेला असू शकतो, तोही एचडीपार्म या लिनक्सवरच्या साधनाने तपासून मोकळा करा.

एसएसडीवर वरून लिहून भागत नाही. एसएसडी स्वतःच्या मर्जीने डेटा इकडचा तिकडे हलवते आणि आपल्याला न दिसणारी राखीव जागा ठेवते, जुना डेटा तिथे राहू शकतो. त्यामुळे साटा एसएसडीला सॅनिटाइज किंवा एन्हान्स्ड सिक्युअर इरेज, आणि एनव्हीएमईला तिची सॅनिटाइज आज्ञा किंवा सिक्युअर इरेज पर्यायासह फॉरमॅट. हे काही मिनिटांत होतं. डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर किल्ली नष्ट केली की डेटा वाचता येत नाही. फक्त ती किल्ली अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कच्या खात्यांच्या नोंदवहीत), कुणाच्या ईमेलमध्ये किंवा छापलेल्या कागदावर उरली नाही ना, ते बघा. आज नवा सर्व्हर घेणार असाल तर पहिल्या दिवशीच एन्क्रिप्शन चालू करा. पाच वर्षांनी पुसायचं काम निम्म्याहून हलकं होईल.

नवीन सर्व्हरमध्ये हे काम आतूनही करता येतं. डेलच्या लाइफसायकल कंट्रोलरमध्ये सिस्टीम इरेज आहे आणि एचपीईच्या जेन१० पासून वन-बटन सिक्युअर इरेज. सोयीचे आहेत, पण हार्डडिस्क आणि रेडमागच्या डिस्कवर त्यांनी नेमकं काय केलं, ते अहवालात वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासणी

पुसणाऱ्याने तपासू नये, दुसऱ्याने तपासावं. डिस्क नव्या यंत्राला लावून हेक्स दर्शकात (डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सुरुवातीचा, मधला, शेवटचा आणि अधलेमधले पाच-दहा भाग उघडा. शून्यं लिहिली असतील तर शून्यंच दिसली पाहिजेत. किल्ली नष्ट करून पुसलेल्या डिस्कवर मात्र निरर्थक आकड्यांची खिचडी दिसेल, ते बरोबर आहे. मग प्रत्येक तुकडीतल्या दोन-तीन डिस्कवर फोटोरेक हे फुकट मिळणारं फाइल शोधक चालवा. त्याला एकही फाइल सापडता कामा नये. एक जरी पीडीएफ वर आली तर ती पूर्ण तुकडी परत पुसायची.

तपासणी झाली की हिरवा स्टिकर, त्यावर तारीख आणि दोन आद्याक्षरं. नापास झालेल्या, वाचताच न येणाऱ्या आणि क्लिक-क्लिक आवाज करणाऱ्या डिस्कला लाल स्टिकर. त्या फोडायच्या. लाल आणि हिरव्या डिस्क एका खोक्यात कधीच ठेवू नका.

फोडणं

ड्रिलने एक भोक पाडून समाधान मानू नका. फिरणाऱ्या डिस्कची तबकडी वाकवायची किंवा तोडायची असते. एसएसडीत डेटा अनेक चिपमध्ये विभागलेला असतो, एका भोकात तीन-चार चिप शाबूत राहतात. डीगाउसर, म्हणजे तीव्र चुंबक, फिरणाऱ्या डिस्कवर आणि टेपवर चालतो, एसएसडीवर त्याचा काही उपयोग नाही. संख्या मोठी असेल तर आपल्या आवारात येऊन डिस्क भरडून देणाऱ्या सेवा घ्या. त्यांच्या यंत्रात डिस्क जाताना आपला माणूस शीट घेऊन उभा हवा आणि प्रत्येक सिरियल नंबरवर त्याने टिक करावी. ‘शंभर डिस्क नष्ट केल्या’ एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊ नका, यादीसकट घ्या. डिस्क कुठल्याही परिस्थितीत जाळू नका. विषारी धूर कामगारांच्याच छातीत जातो.

उरलेला चुरा आणि न विकली जाणारी यंत्रं ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ खाली येतात. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात हजार किंवा त्याहून जास्त इलेक्ट्रॉनिक नग वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते आणि तिने ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनी यंत्रं दुरुस्त करणारा) किंवा रिसायकलरलाच द्यायचा असतो. हजाराच्या खाली असलात तरी तसंच करा. नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पडताळा, व्हिजिटिंग कार्डावर छापलंय म्हणून मान्य करू नका.

यंत्राची स्वतःची आठवण

डिस्क काढली की सर्व्हर कोरा झाला, असं नाही. आयड्रॅक किंवा आयएलओ, म्हणजे डेल आणि एचपीईच्या सर्व्हरमधल्या दुरून नियंत्रण करायच्या यंत्रणा, यांमध्ये वापरकर्त्यांची नावं, डोमेनला जोडायचा पासवर्ड, ईमेल सर्व्हरची माहिती आणि कित्येक महिन्यांचे लॉग असतात. ते कारखान्याच्या मूळ स्थितीत आणा. टीपीएम ही एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ठेवणारी चिप साफ करा, रेड कार्डातली अडकलेली कॅश टाकून द्या. बायोसचा पासवर्ड काढा, नाहीतर घेणाऱ्याला सर्व्हर चालूच करता येणार नाही आणि तो तुम्हालाच फोन करेल. डेलच्या सर्व्हरची मालकी त्यांच्या संकेतस्थळावर घेणाऱ्याच्या नावे बदलून द्या. कंपनीच्या क्लाउड व्यवस्थापनात सर्व्हर नोंदवलेला असेल तर तिथून काढा.

शेवटी स्टिकर. आयपी पत्ता, सर्व्हरचं नाव, ‘एचआर डेटाबेस’ अशी हाताने लिहिलेली पट्टी, कधी झाकणाच्या आतल्या बाजूला पासवर्डसुद्धा. हेअर ड्रायरने गरम केलं की स्टिकर सहज निघतो.

स्विच, फायरवॉल आणि नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायची साठवणपेटी) यांच्यासोबतही असंच करा. फायरवॉलमध्ये व्हीपीएनच्या किल्ल्या असतात. ऑफिसच्या मोठ्या झेरॉक्स मशिनमध्येही हार्डडिस्क असते आणि छापलेल्या कागदांच्या प्रती तिच्यावर उरतात. न्यूयॉर्कच्या अॅफिनिटी हेल्थ प्लॅनला भाड्याने घेतलेल्या झेरॉक्स मशिन डिस्क न पुसता परत केल्याबद्दल २०१३ मध्ये १२ लाख डॉलरहून जास्त भरावे लागले.

भाव, बिल, गाडी

व्यापाऱ्याला यंत्र दाखवायच्या आधी डिस्क काढलेल्या असाव्यात. ‘साहेब, डिस्कसकट द्या, आम्ही पुसून घेतो, भाव वाढवून देतो’ हे लॅमिंग्टन रोडपासून नेहरू प्लेसपर्यंत सगळीकडे ऐकू येईल. नम्रपणे नाही म्हणा. पुसण्याचं काम घेणाऱ्यावर सोपवलं की हिशोब आपल्या हातून सुटला.

भाव मागताना पूर्ण यादी द्या: प्रोसेसरचं मॉडेल आणि संख्या, रॅमच्या पट्ट्या किती आणि किती जीबीच्या, रेड कार्ड, नेटवर्क कार्ड, पॉवर सप्लाय, कॅडी, रॅकच्या पट्ट्या. ‘जुना सर्व्हर आहे, काय द्याल?’ असं विचारलं की भाव भंगाराचाच येतो. किमान तिघांकडून लेखी भाव घ्या. विंडोज सर्व्हरचा ओईएम परवाना, म्हणजे यंत्राबरोबरच आलेला, यंत्राबरोबर जाऊ शकतो. व्हॉल्युम परवाना, म्हणजे कंपनीने एकगठ्ठा घेतलेला, आपलाच राहतो, तो यंत्रावर ठेवून विकू नका.

बिल जीएसटीचंच करा. खरेदीवेळी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १८(६) प्रमाणे दोन रकमांपैकी जास्त असेल ती भरायची असते: दर तिमाहीला ५ टक्के कमी करत उरलेलं क्रेडिट, किंवा विक्रीच्या किमतीवरचा कर. पाच वर्षं म्हणजे वीस तिमाह्या झाल्या की क्रेडिट शून्यावर येतं आणि विक्रीच्या किमतीवरचा कर भरायचा राहतो. ई-वे बिल लागेल का ते सीएला विचारून घ्या.

बिलासोबत एक पानाचा करार पुरतो. त्यात यंत्रं डिस्कशिवाय दिली आहेत, कुठलंही माध्यम किंवा डेटा सापडल्यास तो न उघडता परत करायचा आणि कळवायचं, असं लिहा. विकलेल्या एसएसडीची यादी सिरियल नंबरसकट जोडा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये डेटाच्या सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. चौकशी झालीच तर ‘आम्ही काळजी घेतली’ हे दाखवायला ही शीट, त्या सह्या आणि हा करारच उपयोगी पडणार आहे.

पैसे खात्यात जमा झाल्यावरच गाडी भरायची. नॉन-रिटर्नेबल गेटपासवर नगांची संख्या आणि सर्व्हिस टॅग लिहा. गेटवरच्या वॉचमनला एवढंच सांगून ठेवा: प्रत्येक सर्व्हरच्या पुढच्या आणि मागच्या खाचा रिकाम्या दिसल्या पाहिजेत, एकही भरलेली दिसली तर गाडी थांबवायची. आमच्या वॉचमनकाकांना मी रिकामी कॅडी आणि भरलेली कॅडी शेजारी शेजारी ठेवून दाखवली होती. त्यांनी पुढच्याच खेपेला बॅटरी मारून मागच्या बाजूही बघितल्या.

सही झालेला गेटपास, बिल आणि शीट एकाच फाइलमध्ये लावा, मालमत्ता रजिस्टरमधून सर्व्हर कमी करा आणि फाइल हिशोबाच्या पुस्तकांइतकी, म्हणजे आठ वर्षं ठेवा.

आणि सर्व्हर रूममधला तो खण उघडा, जिथे वॉरंटीत बदललेल्या जुन्या डिस्क पडून आहेत. डेलकडे ‘कीप युवर हार्ड ड्राइव्ह’ आणि एचपीईकडे ‘डिफेक्टिव्ह मीडिया रिटेन्शन’ अशा सेवा घेतल्या असतील तर बिघडलेल्या डिस्क परत न देता आपल्याकडेच राहतात, आणि मग त्या तशाच खणात साठत जातात. त्यांनाही शीटमध्ये एकेक ओळ द्या आणि लाल स्टिकर लावा.